पट्टे कापणारे कापडणीस

यशवंत कापडणीस या माणसाला मी जितकी वर्षं ओळखत होतो, तितकी सगळी वर्षं तो माणूस रागावलेला होता. मध्ये एकदा कावीळ झाली तेव्हा आवाज जरा बारीक होता. पण तेव्हाही ते काविळीवर रागावलेले होते, उसाच्या रसवाल्यावर रागावलेले होते, आणि भेटायला गेलेल्या माझ्यावर तर होतेच, कारण मी मोटारसायकलवरून बिनाहेल्मेटचा गेलो होतो. "आजारी माणसाला भेटायला आलास की शेजारची खाट धरायला?" असं विचारून त्यांनी मला चहासुद्धा न पाजता घालवून दिलं.

आपल्यासारख्यांचा राग शिळा असतो. सकाळी कचेरीत आलेला, संध्याकाळी घरी काढलेला. कापडणीस साहेबांचा राग रोज ताजा, त्या त्या माणसाच्या मापाने शिवलेला आणि जागच्या जागी पोचवलेला. सातपूरच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते. तयार झालेला माल त्यांच्या टेबलावर यायचा आणि बराचसा तिथूनच परत जायचा. मालक म्हणे केबिनमध्ये डोकं धरून बसायचे, पण साहेबांना काढायची त्यांची छाती झाली नाही, कारण गिऱ्हाईक माल घेताना आधी विचारायचं, "कापडणीसांनी बघितलाय ना?"

मूळचे सटाण्याकडचे. बोलायचे आपलं स्वच्छ, शाळामास्तरी मराठी. पण राग एका रेघेच्या वर गेला की आतली अहिराणी उसळून यायची. 'आहे'चं 'शे' झालं की ओळखायचं, आता मागच्या मागे पळायचं. अंगाने रुंद, उंचीने बेताचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि कमरेला दोरीने अडकवलेली शिंप्याची काळ्या मुठीची मोठी कात्री. ही कात्री कारखान्यात नसायची. ती फक्त रविवारची.

रविवारी काय, ते सांगतो. नव्वदच्या दशकात नाशिकला मोटारींच्या शर्यतींचं वेड लागलं होतं. सातपूर-अंबडला ज्याच्या हातात पाना होता त्याला वाटायचं आपण गाडी बनवू शकतो, आणि ज्याच्या घरात द्राक्षाचा पैसा आला होता त्याला वाटायचं आपण ती चालवू शकतो. मग ही दोन्ही वाटणी एकत्र येऊन मैदानात धुरळा उडवायची. मी त्या शर्यतींचा भोंगा होतो, म्हणजे माइकवरून बोलायचो. गाडी वळणावर उलटली तरी प्रेक्षकांना उभं ठेवायचं काम माझं. आणि शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासून ती सोडायची की नाही हे ठरवायचं काम कापडणीस साहेबांचं. इंजिनात त्यांना रस नव्हता. "पळण्याची काळजी तुम्ही करा," ते म्हणायचे, "मी थांबण्याची करतो." त्यांचा सगळा जीव दोन गोष्टींत. बसायची सीट आणि बांधायचे पट्टे.

त्यांची तपासणी म्हणजे माझ्यासारख्या माणसाला फुकटचं नाटक. माइक बंद करून मी पहिल्या रांगेत उभा राहायचो. एकदा एका नगरसेवकाचा भाचा आला. गाडी चकचकीत, आणि आत सोफ्यासारख्या मऊ सीटवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल. आपल्याकडे साहेब लोकांच्या खुर्चीवर असतो ना, तसा. त्याखेरीज माणूस मोठा दिसत नाही.

"हा कशाला?" साहेबांनी विचारलं.

"घाम येतो ना सर."

"घाम पुसायचा असतो. त्यावर बसून अंडी उबवायची नसतात. बस आत. बांध."

भाचा बसला, कमरेचा पट्टा बांधला. साहेबांनी खिडकीतून हात घालून त्याच्या दोन्ही गुडघ्यांना धरून एकच हिसका दिला. टॉवेलवरून भाचा असा सरकला, जसा ताटातून शिरा. कमरेचा पट्टा पोटावर, पोटावरून बरगडीवर.

"बघितलंस? हाडावर असायला हवा तो पट्टा आता मऊ पोटावर आला. आता समोर भिंत आली तर तो तुला धरणार नाही. तुझी आतडी धरणार. उतर खाली."

टॉवेल बाहेर फेकला गेला. मग साहेबांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. कडा विसविशीत, रंग उडालेला.

"कुठून आणलास?"

"अस्सल आहे सर," भाचा छाती काढून म्हणाला. "विमानाचा आहे. भंगारबाजारातून मिळवला."

"विमानाचा? मग विमान कुठंय?"

भाचा मागे उभ्या दोस्तांकडे बघू लागला.

"विमान भंगारात गेलं, आणि त्याचा पट्टा तू पोटाला बांधलास?" असं म्हणता म्हणता कात्री बाहेर निघाली आणि कर्रकन पट्ट्याचे दोन तुकडे झाले.

"माझे मामा कोण आहेत माहीत आहे का तुम्हाला?" भाचा किंचाळला.

"मामांनाही आण. सीट त्यांच्याच मापाची आहे, तुझ्या नाही."

हे पट्टे कापणं लोकांना फार झोंबायचं. नापास करा, पण वस्तू तरी परत द्या, असं सगळ्यांचं म्हणणं. क्लबच्या कमिटीने एकदा त्यांना बोलावून समजावलं. "साहेब, खेळ आहे हो. लोक हौसेने येतात. इतकं कडक कशाला?" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "मी नापास केलेला पट्टा परत दिला की पुढच्या रविवारी तो दुसऱ्याच्या गाडीत दिसतो. मेलेल्याला पुरायचं असतं. भाऊबंदात वाटायचं नसतं." कमिटीने चहा मागवला. साहेब चहा न घेता उठून गेले. आणि मला आजही या कमिटीचा राग येतो, कारण त्यातले अर्धे लोक स्वतःच्या मुलांच्या गाड्या गुपचूप साहेबांच्या घरी नेऊन तपासून आणायचे आणि मैदानात दुसऱ्यांच्या पोरांसाठी सवलत मागायचे.

एवढ्या रागाला काहीतरी कारण असणारच, असं लोकांनी ठरवलं. कोणी म्हणे त्यांचा भाऊ अपघातात गेला, कोणी म्हणे मित्र. मी निर्लज्ज माणूस, मी सरळ विचारलं. "साहेब, तुमचं कोणी गेलं होतं का हो असं?" साहेबांनी माझ्याकडे इतक्या तुच्छतेने पाहिलं, की मी माझ्या चपलांकडे पाहू लागलो. "कोणी मेल्याशिवाय अक्कल येऊच नये का माणसाला?" ते म्हणाले. त्यानंतर मी हा प्रश्न कोणालाच विचारला नाही.

मैदानाबाहेरही सुटका नव्हती. त्यांच्या चुलतबहिणीच्या नातवाचं बारसं होतं, इंदिरानगरला. मीही गेलो होतो, जेवणासाठी. बायका पाळणा म्हणायला उभ्या, बाळ झबलं-टोपडं घालून तयार, आणि साहेब एकदम म्हणाले, "थांबा." स्टूल मागवलं, वर चढले आणि छताचा हूक दोन्ही हातांनी धरून लटकले. अख्खा माणूस! जमलेल्या बायका तोंडावर पदर घेऊन बघतायत, बाळ रडतंय, आणि हे छतापासून लोंबतायत. हूक भक्कम होता. काही झालं नाही. खाली उतरून हात झटकत म्हणाले, "हं. आता ठेवा." बाळाची आजी त्यानंतर त्यांच्याशी बोलली नाही. साहेबांना त्याचं सुतक नव्हतं. मला येताना रिक्षात म्हणाले, "भक्कम आहे हे लटकल्यावर कळलं. बहीण भक्कम म्हणत होती ती लटकण्याच्या आधीच."

निवृत्त झाल्यावर ते सटाण्याकडे गेले आणि तिकडेच वारले. पण माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते लाल गाडीच्या वर्षातले साहेब. त्या वर्षी त्यांचा राग घरातच शिरला होता.

दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. मखमलाबादला बंडूशेठ विधाते म्हणून गुलाबाची शेती करणारा आमचा मित्र होता. त्याने अंबडच्या एका शेडमध्ये कारागीर बसवून एक बुटकी, दोन सीटांची लाल स्पोर्ट्‌स कार बनवून घेतली. फायबरची बॉडी, खाली लोखंडी सांगाडा, आवाज असा की गंगापूर रोडला पक्षी उडावेत. ही गाडी धुरळ्यातली नव्हती. ही चेन्नईच्या खऱ्याखुऱ्या डांबरी ट्रॅकवर पळवायची होती, एकदाच. कारण बंडूशेठने आधीच जाहीर केलं होतं, "एक शर्यत खेळायची, मग गाडी इकून पॉलीहाऊस टाकायचं. घरची मंडळी लय कावलीयत."

आणि चालवणार कोण? कापडणीस साहेबांची मुलगी, मंजू. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. बारीक अंगाची, बापासारखंच नाक आणि बापासारखाच पारा. मैदानातल्या शर्यतींत तिने भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. बंडूशेठच्या मेव्हण्यालाही गाडी चालवायची होती. तो रोज शेडमध्ये येऊन उभा राहायचा, दुकान बंद व्हायची वाट बघणाऱ्या मांजरासारखा. "सीट आणि पट्टे वेळेत पास झाले तर पोरगी चालवंल," बंडूशेठने सांगून टाकलं, "नायतर मेव्हणा."

आता पास करणार कोण, हे सांगायला नकोच.

पहिली सीट बंडूशेठने मुंबईहून आणली. मखमली, लाल, बाजूला मूठ फिरवली की मागे झोपणारी. साहेबांनी मूठ फिरवली, सीट मागे झोपली. "धडक बसल्यावर पोरगी झोपणार आहे का?" ते म्हणाले. "जी सीट माणसाच्या हाताने मागे जाते, ती धडकेने तर मोडूनच जाईल. परत." दुसरी सीट एकसंध कवचाची होती, एका रेसवाल्याची वापरलेली. साहेबांनी तिच्या खालची पट्टी पाहिली, ती गाडीच्या तळाच्या पातळ पत्र्याला न लावता सांगाड्याला बोल्ट लावून बसवली, मागे खांद्याच्या पट्ट्यांना भोकं आहेत का पाहिली, कवचाला कुठे चीर आहे का ते बोटाने टिचकी मारत तासभर ऐकलं. सीट चांगली होती. पण आधीचा मालक जाडजूड असावा. मंजू बसली तर तिच्या दोन्ही बाजूंनी साहेबांची अख्खी मूठ आत जात होती.

"मूठ गेली म्हणजे बरगडी गेली," साहेब म्हणाले. "नापास."

पट्टे मात्र अस्सल होते. नवे, निळे, खांद्याचे दोन, कमरेचे दोन आणि पायांमधून येणारा एक, टिकायची मुदत छापलेले. त्यांच्यावरून साहेबांनी हात असा फिरवला, जसा माणूस पैठणीवरून फिरवतो.

सीटसाठी मग साहेबांच्या पत्नी, कमलवहिनी, पुढे आल्या. माउली फार चांगली. त्यांनी गुपचूप पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला आणि मंजूच्या पाठीला, कमरेला, दोन्ही बाजूंना बसतील अशा सुरेख गाद्या शिवल्या. वर टिपा इतक्या बारीक की कौतुक करावं. मंजू त्यात बसली आणि मूठ काय, बोटही आत जाईना. शेडमध्ये टाळ्या पडल्या. मेव्हण्याचा चेहरा उतरला.

साहेबांनी एका गादीवर गुडघा ठेवून दाबला. कापूस दबला. गुडघा उचलला, गादी दबलेलीच.

"धडकेत हा एवढा दबला की पट्टा तेवढाच सैल झाला," ते म्हणाले, आणि गादी हातात घेऊन कात्रीने उभी चिरली. सगळ्या शेडमध्ये कापूस.

कमलवहिनींनी पदर कमरेला खोचला आणि सरळ रिक्षा धरून घरी गेल्या. बोलली ती मंजू.

"तुम्हाला मला बसूच द्यायचं नाहीये ना, बाबा? सरळ सांगा की! आईच्या हातावर कात्री कशाला चालवता?"

"बसू नये असं मला वाटतं, हो," साहेब म्हणाले.

त्यांनी नाकारायला हवं होतं, निदान लोकांसमोर.

"वाटतं मला. बाप आहे. पण ते माझं वाटणं. पट्ट्याला माझं वाटणं कळत नाही आणि मीही पट्ट्यात ते मिसळत नाही. सीट बरोबर झाली की तू जा. मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि बरोबर कधी होणार? मेव्हणा चेन्नईला पोचल्यावर?"

"बरोबर झाल्यावर."

मंजू त्यांच्याशी बोलायची थांबली. वहिनी आधीच थांबल्या होत्या. साहेबांच्या घरी त्या दिवसांत फक्त कुकर बोलायचा. आणि मला सांगायला हवं, मला साहेबांचा त्या दिवसांत खरोखर राग आला होता. बरोबर असणं हा काही माणसाला परवाना नव्हे, गादी शिवणारीसमोर गादी फाडण्याचा. हे मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "घरी नेऊन फाडली असती तर तिने दुसरी शिवली असती." उत्तर बरोबर होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला.

उपाय शेवटी साहेबांनीच काढला. त्यांच्या कारखान्यात नाजूक यंत्रं खोक्यात बसवताना दोन द्रव मिसळून ओतत. ते फसफसून फुगायचं आणि घट्ट, कडक व्हायचं, यंत्राच्या अंगाबरोबर. साहेबांनी तो माल आणला, एक जाड प्लॅस्टिकची पिशवी सीटमध्ये ठेवली, मंजूला हेल्मेट घालून वर बसवलं, पट्टे बांधले आणि पिशवीत द्रव ओतले. आता ते फुगून घट्ट होईपर्यंत पोरीने हलायचं नाही. आणि बापलेकीची तर बोलाचाली बंद! मग मला मध्ये उभं केलं.

"तिला सांग, हलू नको."

"मंजू, हलू नको."

"त्यांना सांगा, पाठीला चटके बसतायत."

"साहेब, चटके बसतायत."

"तिला सांग, बसणारच. फुगताना गरम होतं."

"त्यांना सांगा, मला इंजिनिअरिंग कळतं."

साचा घट्ट झाला. मंजू उतरली. साहेबांनी पिशवी काढून साचा उन्हात धरला आणि फिरवून फिरवून पाहिला. मग जमिनीवर ठेवला. "नापास."

मेव्हणा खुशीत पुढे सरकला. मंजू रडायच्या बेतात होती.

"हा उजवा खांदा बघ," साहेब थेट तिच्याशी बोलले, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. "माझ्याकडे बघायचं नाही म्हणून तू मान आणि खांदा तिकडे फिरवून बसलीस. साचा तसाच वाकडा आला. पुन्हा करू. सरळ बस. राग नंतर धर."

दुसरा साचा चोख आला. वर न पेटणारं कापड चढवलं. मंजू बसली, साहेबांनी चारही बाजूंनी बोट घालून पाहिलं, खांद्यांना धरून हिसके दिले. पोरगी आणि सीट एकच वस्तू झाल्यासारखी. "पास," साहेब म्हणाले. मेव्हण्याने त्या दिवसापासून शेडमध्ये यायचं सोडलं.

गाडी ट्रकवर चढवायच्या दिवशी मखमलाबादला बंडूशेठच्या मळ्यात पूजा झाली. साहेब कामावर होते. कमलवहिनी आल्या, मंजूला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग आपल्याकडे नव्या वस्तूला लावतात तसं त्यांनी स्टिअरिंगला, बकलला आणि खांद्याच्या दोन्ही निळ्या पट्ट्यांना ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावली. लेकीला धरून ठेवणारी वस्तू ती. माउली तिला सोडेल कशी? मी तर "वा वहिनी!" म्हणालो. गाडी दुसऱ्या दिवशी कारागिरांबरोबर ट्रकने गेली, आणि साहेब, मंजू, बंडूशेठ आणि मी रेल्वेने चेन्नईला.

ट्रॅकवर तपासणीला तिथले एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. शांत, हसतमुख. त्यांनी सगळं पाहिलं, साचा पाहून खूश झाले, कागदावर सही करायला पेन काढलं. कापडणीस साहेब मागे हात बांधून उभे होते. तिकडचं ऊन फार कडक. त्या उन्हात त्यांना खांद्याच्या पट्ट्यावर एक फिकट डाग दिसला. दोन्ही पट्ट्यांवर, एकाच उंचीवर. बाकी पट्टा निळा, तिथे राखाडी. साहेब वाकले, पट्टा नाकाशी नेला आणि हुंगला.

"हाई कोनी कयं?" ते म्हणाले, हे कोणी केलं म्हणून.

अहिराणी! मी दोन पावलं मागे सरकलो.

बंडूशेठ गडबडला. "काय साहेब?"

"हाई काय शे? कोनी धुतं? बाथरूमचा वास कसा येतो याला?"

"ते व्हय... पेपरवाला फोटो काढायला येणार व्हता, ट्रक निघायच्या आधी. हळदीचे डाग वंगाळ दिसत व्हते. मी पट्टे काढून घरी नेले. मंडळींनी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजत घातले. हळद दुसऱ्या कशाने जात नाय साहेब, तुम्हाला म्हाइती हाय."

मिशीवाल्या गृहस्थांना मी हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनी पट्टा ओढून पाहिला, चिमटीत धरून पाहिला. "चलेगा सार," ते म्हणाले. "थोडा कलर गया, बस. हल्दी तो शुभ होता है." आणि पेन पुन्हा कागदाकडे नेलं.

मंजू पोशाख घालून, हेल्मेट काखेत धरून उभी होती. तिने बापाकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"बाबा, नको."

साहेब पट्ट्याकडे बघत होते.

"बाबा, ते पास म्हणतायत. त्यांचं काम आहे ते. तुम्ही इथे कोणी नाही. बाबा!"

"ब्लीचिंगने दोरा आतून किती खाल्ला ते त्याला दिसत नाही, मलाही दिसत नाही," साहेब म्हणाले. "ती मनी पोर शे," ते मिशीवाल्यांना म्हणाले, माझी पोर आहे ती म्हणून, पण त्यांना अहिराणीचं अक्षर कळत नव्हतं. "मनी पोर शे ती!"

आणि कात्री चालली. एक खांदा, दुसरा खांदा.

मंजू ओरडली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला हेच हवं होतं." मग ती टायरांच्या ढिगाऱ्यावर जाऊन पाठ करून बसली. बंडूशेठ डोक्याला हात लावून खाली बसला, "मेलो, मेलो, आता पॉलीहाऊस," असं काहीतरी पुटपुटत. मला साहेबांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पास झालेला पट्टा! चेन्नईत येऊन! एकुलती एक शर्यत!

साहेब मात्र जागेवर नव्हतेच. कापलेले पट्टे हातात घेऊन ते शेजारच्या तंबूत शिरले होते.

मी त्यांच्या मागे गेलो. आणि मी काय पाहिलं? ज्या माणसाने जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, तो तंबूतंबूतून मागत फिरत होता. मोडकं इंग्रजी, हातात तुकडे, "माय डॉटर, बेल्ट, प्लीज." लोक आधी हसायचे, मग त्यांचा चेहरा पाहून थांबायचे. आणि रागही सुटत नव्हता! एका तंबूत एकाने दयाळूपणे जुने पट्टे पुढे केले. साहेबांनी त्यांची मुदत वाचली, कडेचा विसविशीतपणा पाहिला, आणि त्या सज्जनालाच झाडलं. "व्हाय यू आर कीपिंग धिस? यू हॅव नो चिल्ड्रन?" कात्रीकडे हात जाताना मी तो घट्ट धरला. "साहेब, आपण मागायला आलोय!" भीक मागायला गेलेला आणि भीकच नापास करणारा माणूस मी तो एकच पाहिला.

शेवटी कोइम्बतूरच्या एका संघाची गाडी सकाळच्या सरावात इंजिन फुटून बसली होती. त्यांच्या मालकाने आपले पट्टे काढून दिले. साहेबांनी ते त्याच्यासमोरच इंच इंच तपासले, उन्हात धरले, हुंगले. तो बिचारा बघत राहिला. मग साहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि दाबून सोडले.

ते पट्टे बसवायला साहेबांनी घाई केली नाही. लांबी मंजूच्या अंगाला जुळेपर्यंत दोनदा सोडले, दोनदा लावले. तोवर सराव संपला होता. मिशीवाल्यांनी मेहेरबानी केली, पण अट घातली, सर्वांत मागून सुटायचं. मंजू आत बसली. साहेबांनी पट्टे ओढले. तिने हेल्मेटची काच खाली केली आणि समोर बघितलं.

जिंकली का? नाही. सगळ्यांच्या मागून सुटून ती मधल्या घोळक्यात आली, एकदा वळणावर घसरली, सावरली, आणि बऱ्याच जणांच्या पुढे आणि बऱ्याच जणांच्या मागे शर्यत पुरी केली. बंडूशेठ नाचत होता. मी गळा फाटेस्तोवर ओरडत होतो, माइक नसताना. साहेब कुंपणाची जाळी धरून उभे होते. ते ओरडत नव्हते.

गाडी परत आली. साहेब बकल सोडायला वाकले. "मी सोडते," मंजू म्हणाली. सोडलं, उतरली, आणि पाण्याची बाटली घेऊन सावलीत गेली.

मग साहेबांना काय वाटलं कोण जाणे. मागचे बोल्ट हलले का ते आतूनच बघायला हवं, असं पुटपुटत ते गाडीत शिरले. इतक्या महिन्यांत ते त्या सीटमध्ये एकदाही बसले नव्हते. साचा मंजूचा, आणि साहेब साहेबांच्या मापाचे. एक पाय आत, मग दुसरा, मग धप्प. आणि अडकले! ना वर, ना खाली. गुडघे हनुवटीला, कात्री पाठीखाली कुठेतरी. कारागीर हसायला लागले, बंडूशेठने ट्रॅकवरच्या एका फोटोवाल्याला हाक मारली, आणि साहेब लालेलाल होऊन "हसतो कसाले रे?" म्हणून ओरडायला लागले.

मंजू सावलीतून उठून आली. तिने बाटली टपावर ठेवली, आत वाकली, आणि बापाच्या खांद्यांवरून एकेक पट्टा पुढे आणला. कमरेचे दोन पोटावरून खाली हाडावर दाबून बसवले. पायांमधला ओढून घेतला. बकल लावलं. मग खांद्याच्या पट्ट्यांची टोकं दोन्ही हातांत धरून अशी खेचली की साहेबांच्या तोंडून सगळी हवा बाहेर आली.

"घट्ट होतंय गं," साहेब म्हणाले.

"कुठे?"

"सगळीकडे."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि बाटली उचलून निघून गेली.

सोडवायला आमच्यापैकी कोणी पुढे झालं नाही. साहेबांनीही बराच वेळ कोणाला हाक मारली नाही.